प्रत्येक टोलनाक्याला एक सोरट

आमच्या घरात एखादी वस्तू लपवून ठेवायची म्हटलं तर जागा मिळत नाही. कपाटं भरपूर आहेत, पण प्रत्येक कपाट कुणीतरी दिवसातून एकदा कशासाठी तरी उघडतंच. धान्याच्या डब्यात ठेवावं, तर आमच्या सासूबाईंना, म्हणजे अव्वांना, नेमकी त्याच दिवशी ज्वारीला ऊन दाखवायची आठवण होते. माळ्यावर ठेवावं, तर जाऊबाईंना जुना कुकर हवा असतो. पाण्याच्या पिंपामागची जागा त्यातल्या त्यात बरी. पण सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं आणि ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातलं लहानथोर प्रत्येक माणूस त्या पिंपापाशीच उभं असतं. त्यामुळे वाढदिवसाला काय मिळणार हे मुलांना आठवडाभर आधी कळलेलं असतं, आणि कळलं नसल्याचं सोंग ती आमच्याहून छान वठवतात.

अशा घरातून नाताळच्या सुट्टीत थीम पार्कला जायचं ठरलं. थीम पार्क म्हणजे दारात एकदाच घसघशीत तिकीट काढायचं आणि आत दिवसभर पाळण्यांतून, घसरगुंड्यांवरून, अंधाऱ्या गुहांमधून स्वतःला हलवून, भिजवून, ओरडवून घ्यायचं. पुण्याच्या पुढे असं एक उद्यान आहे. नाव सांगत नाही. फुकट जाहिरात कशाला, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. हे टॉवेलच्या धंद्यात आहेत. जगातली कुठलीही गोष्ट ते आधी वजनात मोजतात आणि मग रुपयांत. गाडीभाडं, डिझेल, टोल, तिकिटं, आतलं जेवण असे आकडे त्यांनी एका जुन्या चलनाच्या पाठीवर मांडले, बेरीज केली आणि कागद उलटा करून ठेवला. त्यावर जाऊबाई म्हणाल्या, “पोरांना वाटेत काहीतरी सरप्राइज पण देऊ या की.”

“यात कुठं बसतंय ते?”

“बसवायचं कशाला, भावजी? घुसवायचं.”

जाऊबाईंचं माहेर बार्शीचं. ‘बार्शी तिथे सरशी’ ही म्हण त्या अगदी शब्दशः घेतात.

खरी अडचण पैशांची नव्हतीच. या उद्यानांत आश्चर्याची सोय आधीच करून ठेवलेली असते. कुठल्या वळणावर दचकायचं, कुठे किंचाळायचं, सगळं ठरलेलं; किंचाळताना तुमचा फोटो निघतो आणि बाहेर आल्यावर तोच तुम्हाला विकत घ्यायला बोलावतात. दारात नकाशा देतात. त्यात आमच्या थोरलीने महिनाभर आधीपासून मोबाइलवर तिथल्या प्रत्येक पाळण्याचा व्हिडिओ पाहून ठेवला होता. कोणत्या गुहेत राक्षस डावीकडून येतो आणि कोणत्या गुहेत उजवीकडून, हे तिला पाढ्यांपेक्षा पक्कं पाठ. तिकिटात मिळणारं आश्चर्य सगळ्यांना सारखंच वाटलेलं असतं. आपल्याच पोराचं नाव मनात धरून कुणी तिथे काही ठेवलेलं नसतं. ते काम घरच्यांनाच करावं लागतं, आणि घरच्यांकडे लपवायला जागा नसते.

शिवाय आम्हा सोलापूरकरांची सवय गड्ड्याने, म्हणजे सिद्धेश्वराच्या जत्रेने, बिघडवून ठेवलेली आहे. दिल्लीत अप्पू घर आलं १९८४ मध्ये, मुंबईत गोराईला एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये, खोपोलीजवळ इमॅजिका २०१३ मध्ये. आमच्या होम मैदानावर पाळणे त्याच्या कितीतरी आधीपासून फिरताहेत. तिथे निमित्त लग्नाचं असतं. बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांवर एका कुंभारकन्येचं मन जडलं, लग्न करीन तर यांच्याशीच म्हणाली. महाराज पडले योगी. त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. ते लग्न सोलापूर दरवर्षी संक्रांतीच्या सुमाराला पुन्हा लावतं. पहिल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, तिसऱ्या दिवशी होम मैदानावर होम, त्याच्या दुसऱ्या दिवशी शोभेचं दारूकाम. पांढऱ्या बाराबंदीतले मानकरी सात उंच नंदीध्वज पेलत निघतात आणि शहरातल्या घराघरातलं माणूस वऱ्हाडी होतं. अक्षता टाकून झाल्या की हे वऱ्हाड सरळ जाऊन पाळण्यात बसतं. जेवणावळीऐवजी मौत का कुआँ असलेलं लग्न मी तरी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

गड्ड्याला नकाशा नसतो. गेल्या वर्षी जिथे बांगड्यांचं दुकान होतं तिथे या वर्षी आरसेमहाल निघतो. फुग्यांवर नेम धरायच्या बंदुकीची नळी किंचित वाकडी असते, हे सगळ्यांना माहीत असतं. किती वाकडी, हे मात्र दर वर्षी नव्याने शोधावं लागतं. पाळणेवाला तुम्हाला वरच्या टोकाला नेऊन मधेच थांबवतो. खाली नवी गिऱ्हाइकं भरत असतात आणि वर तुम्ही सिद्धेश्वराचा तलाव, देवळाची रोषणाई आणि आपली चप्पल, तिन्हींकडे आळीपाळीने पाहत असता. चपलेचं काय झालं ते खाली उतरल्यावर कळतं.

माझे सासरे लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये होते. भोंग्यावर उठायचं, भोंग्यावर जेवायचं, असा त्यांचा शिस्तीचा कारभार. गड्ड्याचे पैसे ते प्रत्येक पोराच्या हातावर मोजून ठेवत आणि त्यांत वाढ होणार नाही हे पोरांना ठाऊक असे. पण सगळे पैसे संपवून, हात चिकट करून, रडवेली पोरं घराच्या वाटेला लागली की मैदानाच्या कोपऱ्यावर अप्पा थांबत. इकडेतिकडे बघत. मग कुणावर उपकार करतोय असं अजिबात न दाखवता म्हणत, “चला, अजून एक फेरी.” हे मला ह्यांनी सांगितलं. जत्रेतलं बाकी काहीच त्यांना नीट आठवत नाही, ही वरची फेरी तेवढी लख्ख आठवते. गंमत अशी की ती अप्पांच्या हिशेबात पहिल्यापासून धरलेली असणार. गिरणी कामगाराच्या खिशात अचानक पैसे कुठून येतील? पोरांना देताना ते तेवढे कमीच देत असतील. माणसाने सगळी आशा सोडली की मगच पुढे करायचं, एवढं गणित त्या माणसाला पक्कं कळलं होतं. आजच्या एखाद्या पर्यटन कंपनीने त्यांना मोठ्या पगारावर ठेवलं असतं.

या थीम पार्कांच्या व्यवसायाचं मूळ एका कंटाळलेल्या बापापाशी जातं, ही हकिकत अनेकांनी ऐकली असेल. वॉल्ट डिस्ने सुट्टीच्या दिवशी दोन्ही मुलींना घेऊन लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये जात. मुली फिरत्या घोड्यांवर बसत आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात. तिथे त्यांच्या मनात आलं की आईबापांना आणि मुलांना एकत्र मजा करता येईल अशी एखादी जागा असायला हवी. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँड उघडलं. सोलापूरकराला या गोष्टीतलं कारणच पटत नाही. बाक आहे, शेंगा आहेत, पोरं नजरेसमोर आहेत आणि अंगावर नाहीत. यापुढे आणखी काय सुधारणा करायची होती? आमच्याकडे असा माणूस संध्याकाळी समाधानाने टरफलं झाडून घरी आला असता आणि जग एका मोठ्या उद्योगाला मुकलं असतं.

त्याच उद्घाटनाची दुसरी गोष्ट मात्र मला फार जवळची वाटते. नळकारागिरांचा संप झालेला, वेळ थोडा उरलेला. संडासांना पाणी द्यायचं की पिण्याच्या नळांना, असा प्रश्न आला. डिस्नेंनी संडास निवडले. त्या दिवशी ऊन मरणाचं, गर्दी तुफान, आणि पिण्याचे नळ कोरडे. बातम्यांत त्यावर बरीच टीका झाली. आमच्या गल्लीतल्या कुठल्याही बाईने त्यांना आदल्या रात्री कळश्या भरून ठेवायला सांगितलं असतं.

असो. सोरटाची कल्पना माझी. सोरट माहीत नसेल असा मराठी माणूस विरळा, पण नव्या पिढीसाठी सांगते. शाळेशेजारच्या दुकानात एक पुठ्ठा टांगलेला असायचा, त्यावर चिकटवलेल्या घड्या. पैसे द्यायचे, एक घडी ओढायची, आत आकडा निघायचा आणि त्या आकड्याचं जे असेल ते मिळायचं. बहुतेकदा गोळीच मिळायची. पुठ्ठ्यावरचं मोठं बक्षीस कुणालाच कधी लागत नसे, तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पुठ्ठ्यासमोर रांग.

सोलापूरहून पुण्याला जाताना टोलनाके चार: सावळेश्वर, वरवडे, सरडेवाडी, पाटस. प्रत्येक ठिकाणी आपण पैसे भरतो आणि हातात काहीही पडत नाही. तेव्हा प्रत्येक टोलनाक्याला प्रत्येक मुलाने एक सोरट ओढायचं, असं मी ठरवलं. टोलचे पैसे वसूल होतात हा मुद्दा ह्यांना एकदम पसंत पडला. टॉवेलच्या खोक्याचा पुठ्ठा मिळाला. लग्नपत्रिकांची पाकिटं अव्वांनी वर्षानुवर्षं जपून ठेवलेली, ती घड्या करायला घेतली; त्यामुळे काही चिठ्ठ्यांच्या पाठीवर गणपती होता आणि काहींच्या पाठीवर ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. पुठ्ठा लपवायला शेवटी एक जागा सापडली. ती सांगत नाही. पुढेही लागेल.

चिठ्ठ्यांत काय लिहायचं यावर जाऊबाईंशी बराच वाद झाला. त्यांचं म्हणणं, प्रत्येक चिठ्ठीत काहीतरी चांगलं निघायला हवं, पोरं हिरमुसतात. मी म्हटलं, रिकामी चिठ्ठी नसेल तर ते सोरट कसलं, तो प्रसाद झाला. शेवटी रिकाम्या चिठ्ठीला लिमलेटची एक गोळी यावर तडजोड झाली. बाकीच्या चिठ्ठ्या लिहिताना एक गोष्ट ध्यानात आली, की मुलांना ज्या गोष्टी मनापासून हव्या असतात त्यांतल्या बऱ्याचशा दुकानात मिळतच नाहीत. ‘वरवड्यापासून सरडेवाडीपर्यंत गाडीतली पुढची सीट.’ याच्यासाठी आमच्याकडे महायुद्धं झालेली आहेत. ‘पुढची तीन गाणी तू सांगशील ती.’ ‘बाबांनी शाळेत मार कधी खाल्ला, ते बाबा स्वतः सांगतील.’ ही चिठ्ठी ह्यांना आधी दाखवलेली नव्हती. आणि एक, जी लिहिताना माझा हात थोडा थांबला: ‘ही चिठ्ठी दाखवल्यास आई एक तास ओरडणार नाही.’

पहाटे अंधारात क्रूझर निघाली. सावळेश्वर म्हणजे सोलापूर सोडल्यावर डुलकी लागायची वेळ. एरवी पोरं तिथे झोपलेली असतात. त्या दिवशी नाक्याचे दिवे लांबून दिसताच आरडाओरडा सुरू झाला. पूर्वी टोलला गाड्या थांबायच्या तरी, आता फास्टॅगमुळे क्षणात दांडा वर जातो. दांडा वर जायच्या आत घडी ओढायची, असा नियम पोरांनीच करून टाकला. ड्रायव्हरदादा इतके रंगात आले की वरवड्याला त्यांनी गाडीचा वेग मुद्दाम कमी केला, आणि सरडेवाडीला स्वतःहून म्हणाले, “माझं पण एक ओढा की.” त्यांना लिमलेटची गोळी लागली. ती त्यांनी तोंडात न टाकता काचेपुढच्या गणपतीपाशी ठेवली.

पुतण्याला जी चिठ्ठी लागली तिच्यात लिहिलं होतं: ‘भिगवणजवळ गाडी थांबेल. का, ते विचारू नये.’ त्याने साहजिकच लगेच विचारलं. इंदापूर मागे टाकून गाडी हमरस्ता सोडून आत वळली, गावातून खाली उतरली आणि उजनी धरणाच्या फुगवट्याच्या काठाला लागली. हिवाळ्यात तिथे रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. पाण्यात गुडघाभर उभे, पांढरे-गुलाबी, मान खाली घालून चिखल चाळत असलेले शेकडो. होडीवाल्याने थोड्या पैशांत आम्हाला जवळ नेलं, पण फार जवळ नाही. पक्षी उठतात म्हणाला. तेवढ्यात काही उठलेच, आणि पंखांच्या आतला लालभडक रंग एकदम उघडला. पोरं गप्प झाली. क्रूझरमध्ये बसल्यापासून तेवढाच वेळ ती गप्प होती.

काठावर परतल्यावर पुतण्या म्हणाला, “काकू, हे उजनीचंच पाणी का बे?” तो उत्साहात आला की समोर कोण आहे ते विसरतो.

“हो. आपल्याला येतं तेच.”

“म्हणजे हे सगळे आपल्या पाण्यात उभे हायेत?”

अव्वा काठावर खुर्चीत बसून होत्या. त्या म्हणाल्या, “उभे राहू दे रे. आपल्याला यायला चार दिवस हायेत अजून, तोवर गाळ खाली बसतो.”

रात्री पुण्यात नणंदेकडे मुक्काम. तिथे ह्यांनी पिशवीतून टॉवेल काढले. आपणही काहीतरी करावं असं त्यांच्या मनात कधी आलं, कुणास ठाऊक. मला पत्ता नव्हता, म्हणजे आमच्या घरात माझ्या नकळत लपवायची दुसरीही एक जागा आहे. प्रत्येक पोराला एकेक टॉवेल, त्यावर नाव. विणलेलं नाव नव्हे. टॉवेलात नाव विणायचं तर जॅकार्डवर आधी त्याचं डिझाइन चढवावं लागतं आणि एका नगासाठी माग कुणी अडवून ठेवत नाही. ही नावं शिलाई मशीनवर भरलेली. टॉवेल म्हणाल तर दोषाचे, बाजूला काढलेले. कुणाचा काठ नागमोडी गेलेला, कुणाच्या मधेच एक ओळ फुलायची राहून गेलेली. पण ह्यांनी प्रत्येक दोष त्या त्या पोराला इतक्या अभिमानाने दाखवला, की धाकट्याने आपल्या टॉवेलावरची टक्कल पडलेली जागा सगळ्यांना बोट लावून लावून दाखवली. चांगल्या मालातला असता तर त्याने एकदा अंग पुसून तो बाजूला टाकला असता.

उद्यानाच्या दारात अव्वांची झडती झाली. बाहेरचं खाणं आत न्यायचं नाही हा नियम बहुतेक अशा सगळ्या ठिकाणी असतो आणि आम्ही तो पाळला होता. शेंगापोळ्या, धपाटे, दही सगळं गाडीत. पण अव्वांच्या जपाच्या पिशवीत तपासनीस मुलीला स्टीलची एक डबी सापडली.

“आजी, हे काय?”

“औषध हाय माझं.”

मुलीने डबी उघडली. शेंगाचटणीचा वास दडत नाही. मागच्या रांगेतला एकजण ‘आहाहा’ म्हणाला, त्याने तर सगळंच उघडं पाडलं. मुलगी हसली, पण नियम तो नियम. डबी सामानाच्या खोलीत जमा झाली आणि अव्वांना तिचं टोकन मिळालं. दिवसभर त्यांनी ते टोकन हातातल्या रुमालाच्या गाठीत बांधून ठेवलं आणि दर तासाला चाचपून पाहिलं. आम्ही मात्र डिस्नेसाहेबांचा विचार करत राहिलो. बाक आत जागोजागी आहेत, बसायला कुणी ना म्हणत नाही; शेंगा तेवढ्या बाहेर ठेवाव्या लागल्या असत्या. मग त्यांना ती कल्पना सुचली असती का, कोण जाणे.

आत गेल्यावर कळलं की थीम पार्क म्हणजे मुख्यतः रांग. पाळणा दोन-तीन मिनिटांचा, त्याच्या आधीची उभी शिक्षा तासाभराची. रांगेच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर नावाच्या अभ्यासकाने १९८५ मध्ये एक लेख लिहिला. रिकामा गेलेला वेळ कामात गेलेल्या वेळेपेक्षा लांब वाटतो, हे त्यातलं पहिलंच निरीक्षण. पंढरपूर ज्या जिल्ह्यात आहे त्या जिल्ह्याला हे कुणी सांगायला नको. आषाढीला दर्शनबारी पार गोपाळपूरपर्यंत जाते, माणसं रात्रंदिवस उभी असतात, आणि तिथे टाळ आहेत, अभंग आहेत, शेजारणीच्या सुनेची हकिकत आहे. वेळ कुणाच्या अंगावर येत नाही. मी राहिलेल्या चिठ्ठ्या रांगेसाठी राखून ठेवल्या होत्या, आणि मला वाटतं खर्चाच्या मानाने सगळ्यात जास्त फळ याच ठिकाणी मिळालं. एकीत होतं: ‘या रांगेतला सोलापूरचा माणूस शोधून काढा.’ थोरली लोकांचे चेहरे, चपला न्याहाळू लागली. पुतण्याने एवढा त्रास घेतला नाही. तो कठड्यावर चढला आणि मोकळ्या गळ्याने ओरडला, “काय बे!”

पुढच्या वळणावरची दोन डोकी एकदम मागे फिरली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतली मंडळी. मग पुढचा वेळ रांगेच्या कठड्यावरून गप्पा. कुणाचा कारखाना कुठे, उजनी किती टक्के, गड्ड्याला यंदा पाळणे कधी लागणार. पाळण्यात बसायची वेळ आली तेव्हा दोन्ही घरांतल्या बायकांनी “बोलणं राहिलंच की” म्हणून हळहळ केली.

न ओरडण्याची चिठ्ठी धाकट्याला लागली होती. मला वाटलं होतं तो ती लगेच उडवून टाकेल. त्याने ती खिशात ठेवली आणि दुपारी चुलतबहिणीला अर्धा तास भाड्याने दिली, एका आइस्क्रीमच्या अर्ध्या भागावर. व्यवहार माझ्यासमोर झाला आणि मला काही बोलता येईना, कारण बोललं तर ते ओरडण्यात धरलं जाणार. ह्यांच्या चेहऱ्यावर त्या वेळी जे कौतुक होतं ते मी पाहून ठेवलं आहे.

पाण्याच्या बाजूला कृत्रिम लाटांचा मोठा तलाव होता. भोंगा झाला की लाटा सुटतात. सगळे आत उतरले, अव्वा काठाच्या पायरीवर पाय बुडवून बसल्या. चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या गावची माणसं पैसे मोजून पाण्याचे तडाखे खात होती, यातला विनोद त्यांच्या लक्षात आल्याखेरीज राहिला नसणार. बराच वेळ त्यांनी लाटा पाहिल्या. मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, “प्लसमध्ये हाय गं हे.” ज्यांनी उन्हाळ्यात सोलापूरची वर्तमानपत्रं वाचली नाहीत त्यांना हे वाक्य कळायचं नाही. उजनीचं उपयुक्त पाणी संपून धरण मृतसाठ्यावर आलं की ‘मायनसमध्ये गेली’ म्हणतात, आणि पावसाळ्यात ज्या दिवशी ती परत प्लसमध्ये येते त्या दिवशी माणसं एकमेकांना फोन करून सांगतात.

संध्याकाळी उद्यान बंद व्हायच्या सुमाराला सगळे पाय ओढत दाराकडे निघाले. बाहेरची वाट दुकानातून काढलेली, तेव्हा तिथे काय होणार याची मला धास्ती होती. दुकान थोडं पुढे असताना हे अचानक थांबले. इकडेतिकडे पाहिलं. “चला, अजून एक फेरी.” आणि लाटा सोडल्या तर दिवसभर बाकावर बसून सगळ्यांच्या चपला-चष्मे सांभाळणारा हा माणूस स्वतः पोरांबरोबर पळत सुटला. ती फेरी तिकिटातच होती, वर पैसा पडणार नव्हता, हेही त्यांनी पाहिलेलं होतंच. परत आले तेव्हा दुकानातले दिवे मालवत होते. अव्वांनी टोकन देऊन डबी सोडवली, झाकण उघडून पातळी पाहिली, आणि पाळीवरच्या मुलीला एक चिमूट हातावर घालून मगच हलल्या.

परतीच्या वाटेवर सावळेश्वरला पुठ्ठ्यावर एकच घडी उरली होती. पोरं सगळी झोपलेली, म्हणून मीच ओढली. आतलं अक्षर माझं नव्हतं. ‘उद्या सकाळचा चहा मी करणार.’ मूळ चिठ्ठी काढून ही कधी चिकटवली, हे विचारल्यावर ह्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. चहा खरंच झाला. आलं भरपूर, साखर अंदाजपंचे, आणि चहाच्या पातेल्याऐवजी दुधाचं पातेलं वापरलेलं. जाऊबाईंनी दोन कप घेतले आणि ह्यांना म्हणाल्या की रोज जमेल.

आता अडचण वेगळीच झाली आहे. पाळणे, गुहा, लाटा यांच्याबद्दल मुलं चार दिवस बोलली आणि मग तो विषय मागे पडला. गड्डा जवळ येत होता. सोरट मात्र मागे पडायला तयार नाही. जुळे सोलापुरातून नुसतं नवी पेठेला जायचं म्हटलं तरी धाकटा विचारतो, पुठ्ठा घेतला का. त्याला समजावलं की गावात टोलनाके नसतात. मग सिग्नल धरू या, म्हणाला. तेही मी मान्य केलं असतं. पण त्याने वाट आधीच ठरवून ठेवली आहे, आणि सात रस्त्यावरून जाताना म्हणे सात चिठ्ठ्या ओढायच्या.